न धुता खायची काकडी

रुपाने माझ्या मांडवावरच्या काकड्या खाल्ल्या हे मला कळलं, तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. जया कुडाच्या पलीकडून सांगत होती. जया म्हणजे माझी चुलत जाऊ, शेजारच्याच घरातली, आणि रुपा तिची सून. सातवा महिना, पहिलटकरीण.

"अगो चंदाबाय, रुपा आली बघ दुपारच्या एस्टीने. आईकडे वैशाखऱ्याला दम निघाला नाय तिला. आली ती थेट तुज्या मांडवात घुसली. तीन काकड्या खाल्ल्या, उभ्या उभ्या!"

जया हसत होती. माझ्या हातातली पाटी सुटली आणि शेण पायावर पडलं.

"धुतल्या का गो?" मी विचारलं.

"धुवायच्या कशाला? तुज्याच मांडवावरच्या ना?"

हे वाक्य माझंच. मीच ते गावभर करून ठेवलं होतं. शहापूरच्या बाजारात टोपली मांडून बसले, की गिऱ्हाइकाला मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, "खा बिनधास्त, पदराला पुस आणि खा. माझ्या वेलाला इख माहीत नाय." आणि खरंच विषारी औषध त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशीच्या पहाटेपर्यंत नव्हतं.

गोष्ट २००४ सालची, होळीला आठ दिवस होते. आमच्या गावाला भातसा धरणाच्या कालव्याचं पाणी मिळतं, त्यामुळे भात निघालं की उन्हाळी काकडी, भेंडी लावता येते. पानाला काही झालं की अख्खं गाव माझ्याकडे यायचं. मी पान उलटं करून बघायची आणि सांगायची. तांबडा भुंगा असला तर सकाळी दव असताना चुलीतली राख फुंक. फळमाशी असली तर करवंटीत गूळपाणी आणि तुळशीचा पाला ठेव, ती तिकडे जाऊन मरते. मावा असला तर तंबाखूचं पाणी नि साबण. कोळी असला, म्हणजे ती पानाखाली जाळं करणारी तांबडी टिपकी, तर आंबट ताक पाण्यात घालून मार, खालून मार. लोक याला जादू समजायचे. जादू कसली, डोळे होते. उभ्या उभ्या मला पानामागचा कोळी चालताना दिसायचा.

त्याआधीच्या दोन वर्षांत ते डोळे गेले. एकदम नाही. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातला खडा दातांना कळायला लागला. जवळचं सगळं धुरकट. नवरा, कोंडू, म्हणाला, "चाळिशी लागली तुला, चष्मा घे." मी त्याच्यावर असं खेकसले की पुन्हा त्याने नाव काढलं नाही. सातवी शिकलेली बाई मी, बायकांना पत्रं वाचून दाखवणारी, पानावरची कीड ओळखणारी. नाकावर भिंगं चढवून मी काय बाजारात बसणार? बायका काय म्हणतील? असला माज होता मला, आता लपवून काय करू.

त्या वर्षी माझा वेल आजारी पडला. पानं भुरकट झाली, कडेने तांबूस पडायला लागली. बघितलं, काही दिसेना. मग हाताने चाचपलं. बोटांना चिकट लागलं. चिकट म्हणजे मावा, हे ठरलेलं. मी तंबाखूचं पाणी मारलं. चार दिवसांनी पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं. वेल आणखीच वाळत चालला. पानामागे जाळं होतं ते मला धूळ वाटलं. आणि बोटांना चिकट का लागलं? कारण त्या सकाळी मी फळमाशीसाठी गूळ कालवत होते, आणि हात नुसते लुगड्याला पुसून मांडवात शिरले होते. पण हे मला फार नंतर कळलं.

शनिवारी तालुक्याहून कृषीवाले साहेब यायचे होते. पाच गावच्या बचत गटाच्या बायका माझ्या मांडवाखाली बसणार, आणि मी घरच्या औषधांची माहिती सांगणार, असं महिनाभर आधी ठरलं होतं. आणि माझा वेल तर सरणावर जायला निघालेला. सोमवारी मी कुणाला न सांगता शहापूर गाठलं आणि औषधाच्या दुकानात गेले. "कसल्या किडीला?" दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, "सगळ्या." त्याने पिवळ्या त्रिकोणाची, म्हणजे जहाल विषाची, बाटली काढली. "किती घालायचं, कधी तोडायचं, सगळं चिठीवर आहे. वाचून घ्या, बाई." ती चिठी म्हणजे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मागे दोन माणसं उभी होती. मी चिठी डोळ्यांपुढे धरली, मान हलवली आणि म्हटलं, "वाचली."

बुधवारी उजाडायच्या आधी मी बादलीत पाणी घेतलं. पंप मागायला गेले असते तर बोभाटा झाला असता, म्हणून नेहमीची कडुनिंबाची डहाळी घेतली. औषध किती घालायचं? घरच्या औषधाला माझं माप म्हणजे मूठ. राख जास्त पडली, ताक जास्त पडलं, तर कोण मरतंय? त्याच हाताने मी तीन झाकणं ओतली. डहाळी बुडवून बुडवून अख्खा मांडव भिजवला. काकड्यांवरून थेंब गळत होते. मग बाटली धान्याच्या कणगीत, भाताच्या आत खोल खुपसली. पंधरवडाभर एकही काकडी तोडायची नाही, एवढं मात्र मी मनाशी ठरवलं होतं. रुपा तर वैशाखऱ्याला माहेरी होती, होळीनंतर यायची होती. तिचा मला विचारसुद्धा आला नाही.

आमच्याकडे पोटुशी बाई कुणाच्याही वेलाला हात घालू शकते. विचारायचं नाही, सांगायचं नाही. तिने आपल्या हाताने तोडलं की वेल दुप्पट धरतो म्हणतात, आणि मालकिणीने तिला अडवणं म्हणजे पाप. मीच रुपाला पाचव्या महिन्यात म्हटलं होतं, "पहिली काकडी तुजी. मला सांगायला येऊ नको." पोरीने माझं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा.

शेणाचे पाय तसेच घेऊन मी जयाच्या ओट्यावर गेले. रुपा खांबाला टेकून बसली होती. मला बघून हसली. "काकी, काकड्या जरा कडू लागल्या यंदा," म्हणाली, "पण खाल्ल्या. डोकं जड झालंय जरा. एस्टीत ऊन लागलं वाटतं."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तेव्हाच्या तेव्हा. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की, जया, मी इख मारलंय. पण मी म्हणाले, "ऊनच लागलं असंल. लिंबूपाणी देते."

मी लिंबू पिळलं. बिया सगळ्या तांब्यात पडल्या, काढायचं भान नव्हतं. मी स्वतःला सांगत होते की तीन काकड्यांनी काय होतंय, बाजारात सगळेच मारतात, सगळेच खातात. पण सकाळपासून माझंही डोकं ठणकत होतं, बोटं चुरचुरत होती, आणि ते उन्हाने नव्हतं हे मला आतून माहीत होतं. मी घरी आले, कणगीजवळ गेले, परत ओट्यावर गेले, पुन्हा घरी आले. जया म्हणाली, "काय गो, आज तुज्या पायाला भिंगरी लागली?" असा एक तास गेला. तो तास मी अजून कुणाला देऊन टाकू शकलेले नाही, माझ्याकडेच आहे.

मग रुपाला उलटी झाली. जया म्हणाली, पित्त. दुसरी झाली, तिसरी झाली. मग तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, थांबेचना. साडी घामाने ओली. "काकी, मला तुमी नीट दिसत नाय," ती म्हणाली. तिच्या दंडावरचं मांस आपोआप फडफडत होतं. जया रडायला लागली आणि मी गावातल्या धाऊची जीप बोलवायला धावले.

जीपमध्ये रुपाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लाळ माझ्या लुगड्यावर सांडत होती आणि मी एक हात तिच्या पोटावर ठेवून होते. पोटात हालचाल होते का ते बघत होते. जीप खड्ड्यांतून उसळली की वाटायचं, हालचाल झाली. मग वाटायचं, नाही, खड्डाच होता. शहापूर येईपर्यंत मी बोलले नाही. मला वाटत होतं, डॉक्टर बघेल, त्याला आपोआप कळेल, इंजेक्शन देईल, ही उठून बसेल, आणि मला सांगावंच लागणार नाही. मरणाच्या दारात दुसऱ्याची पोर आणि माझा जीव माझ्या नावात अडकलेला.

डॉक्टर तरुण होता. त्याने रुपाच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि नर्सला पटकन काहीतरी म्हणाला. मग आमच्याकडे वळला. "हिच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. हिने काय खाल्लं? शेतात फवारणी केली होती का?"

"काकडी खाल्ली," जया म्हणाली. "पण डॉक्टरसाहेब, ती काकडी चंदाबायची हाय. ही बाय इख मारत नाय. राख, ताक, लय झालं तर तंबाखूचं पाणी. अख्ख्या तालुक्याला म्हायती हाय. शनिवारी साहेब येणार हायेत बघायला."

"तंबाखू?" डॉक्टर थांबला. तो विचार करायला लागला.

जया माझी बाजू घेऊन भांडत होती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित गप्पच राहिले असते. पण ती माझा दंड धरून, डोळ्यांतलं पाणी पुसत, डॉक्टरला सांगत होती की माझ्यावर संशय घेऊ नका.

"तंबाखू नाय," मी म्हणाले. "बाटली आणली होती. आज पहाटे मारली."

जयाने माझा दंड सोडला.

"कुठलं औषध? नाव काय?"

"म्हायती नाय."

"अहो बाई, बाटलीवर लिहिलेलं असतं! तुम्हाला वाचता येत नाही का?"

"येतं," मी म्हणाले. "दिसत नाय."

एवढं बोलायला मला दोन वर्षं लागली. डॉक्टर म्हणाला, एक इंजेक्शन तो लगेच सुरू करतोय, पण पुढचं कुठलं द्यायचं ते नावावर ठरणार, आणि फार वेळ नाही. मी रस्ता ओलांडून फोनच्या दुकानात गेले. आमच्या गावात फोन एकच, नवशाच्या किराणा दुकानात. संध्याकाळची चार-साडेचारची वेळ, म्हणजे निम्मं गाव चहापत्तीला नि विडीला तिथे उभं. मी नवशाला सांगितलं, कोंडूला बोलव. कोंडू आला.

"कणगीत हात घाल," मी त्याला सांगितलं. "खोल घाल. बाटली हाय. ती घेऊन ये आणि नवशाला वाचायला दे. पळ."

"कसली बाटली?"

"इखाची. पळ रे!"

पलीकडे दुकानातली कुजबूज मला ऐकू येत होती. मी फोन ठेवला नाही. दुकानदार म्हणाला, बाई, मीटर चढतोय. मी म्हटलं, चढू दे. मग धावत आल्याचा आवाज, आणि नवशाचा आवाज. नवशा दहावी नापास, अक्षर अक्षर जोडून वाचायचा. त्याने नाव वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. मी ऐकलं तसं मोठ्याने म्हटलं, आणि इथल्या दुकानदाराने ते माझ्यासाठी कागदावर लिहून घेतलं. नवशा थांबला नाही, त्याने चिठीही उलगडली आणि मोठ्याने वाचतच सुटला. "'पंधरा लिटर पाण्याला वीस मिली.' म्हणजे एक झाकण व्हईल. 'हातमोजे घालावेत.' 'शेवटच्या फवारणीनंतर पंधरा दिवस फळांची तोडणी करू नये.'" मग तो थांबला. "चंदाबाय," तो म्हणाला, "तू किती झाकणं घातलीस?"

"तीन," मी म्हणाले. निम्म्या गावाने ते ऐकलं.

कागद घेऊन मी धावले. डॉक्टरने तो बघितला, मान हलवली, नर्सला दुसरं औषध काढायला सांगितलं. मग आम्ही बाहेर बाकावर बसलो. जया एका टोकाला, मी दुसऱ्या. रुपाचा नवरा शाम भातसानगरला धरणावर कामाला, तो निरोप मिळून सायकलवरून आला. त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काकी, काय झालं?" जयाने ते मला सांगायला ठेवलं. मी सांगितलं. त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आतून नर्स यायची, जायची. तिच्या तोंडाकडे बघून काही कळतंय का ते मी शोधायची. लांबचं मला चांगलं दिसत होतं. दिवेलागणीला ती बाहेर आली आणि म्हणाली, लाळ थांबली. मग म्हणाली, बाळाचे ठोके लागताहेत. जया उठून आत गेली. मी बाकावरच बसून राहिले.

रुपा चार दिवसांनी घरी आली. तोवर मी मांडव मोडला होता. वेल मुळासकट उपटला, काकड्यांसकट खड्ड्यात पुरला, वरून काटे टाकले. शनिवारी साहेब आले, पाच गावच्या बायका आल्या, आणि मोकळ्या वाफ्यात उभं राहून मी सांगितलं काय झालं ते. माहिती अशी नाहीच सांगितली. साहेबाने वाफ्यात पडलेलं एक वाळकं पान भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "कोळी होता, बाई. ताकाने गेला असता." तेवढं ऐकून मी घरात गेले आणि बाहेर आलेच नाही.

वैशाखात रुपाला मुलगी झाली. भूमिका ठेवलं नाव. पोर नीट होती, वजनाला जरा कमी. डॉक्टर म्हणाला, ठीक आहे, वाढताना लक्ष ठेवा. मी लक्षच ठेवते. ती कधी पालथी पडली, कधी रांगली, आवाज झाला की मान वळवते का, हे मी कुडाच्या फटीतून बघायची. जयाच्या ओट्यावर मला कुणी बोलवत नव्हतं. पोर जरा जास्त वेळ झोपली तरी मी कुडाला कान लावायची.

पुढच्या माघात मी पुन्हा काकडी लावली. कोंडू म्हणाला, कशाला? मी म्हटलं, दुसरं मला येतं काय? आता नाकावर चष्मा होता. पहिल्या दिवशी चष्म्यातून पान उलटं केलं तर मागे तांबडी टिपकी चालत होती, बारीक, शेकड्याने. इतकी वर्षं ओळखीची कीड, पण मी दचकून पान टाकून दिलं. मग ताक आंबवलं आणि मारलं, दर चार दिवसांनी, आणि वेल सावरला.

एका दुपारी मांडवात कुणीतरी शिरलं. रुपा होती, कडेवर भूमिका. वर्षभरात ती पहिल्यांदा माझ्या वाफ्यात येत होती. तिने वर हात नेला आणि मी ओरडले, "थांब!"

ती थांबली. "काय मारलंय, काकी?"

"ताक. ताकाशिवाय काय नाय. देवाची शपथ."

तिने माझ्याकडे बघितलं. मग एक काकडी तोडली, रांजणाजवळ गेली, तीनदा धुतली, पदराने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"तुमी आधी खा," म्हणाली.

मी खाल्ली. अर्धी तिथेच उभी राहून खाल्ली. मला पक्कं माहीत होतं की मी फक्त ताक मारलंय, तरी प्रत्येक घास मी कडू लागतो का ते चाखून गिळत होते. बादली चुकली असेल का, डहाळी जुनी असेल का, असं काहीबाही मनात येत होतं. उरलेली अर्धी रुपाने हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. पोरीला मांडीवर घेऊन ती मांडवाखाली बसली. पोरगी काकडीकडे हात करून रडायला लागली. रुपाने दिली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, माझ्या ओठांकडे, माझ्या डोळ्यांकडे.

मीही तिच्यासमोर खाली बसले. मांडवाची सावली बांधापर्यंत सरकली, तेव्हा एक तास झाला असेल. मग रुपाने काकडीची साल काढली, एक तुकडा मोडला आणि भूमिकेच्या हातात दिला. पोर तो चघळायला लागली. रस तिच्या हनुवटीवरून गळत होता, आणि मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते की तो काकडीचाच रस आहे ना.